फ्रिजवरची दालचिनी

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे तर माणूस निवृत्त तरी असावा किंवा थकलेला तरी. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि अजिबात थकलेली नाही. संपादकबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडावर जेवढी दारं आपटलीत तेवढी माझ्या निवृत्त लेखकांनी बघितलीही नसतील. लिही." म्हणून लिहिते. पण आधीच सांगते, मला पाल्हाळ जमत नाही. मी लिहायला शिकले तेच पत्रकं लिहून. आमच्या संस्थेचे प्रमुख नितीनदादा, माझं वाक्य दोन ओळींच्या पुढे गेलं की लाल पेन काढतात आणि म्हणतात, "रेश्मा, बाईच्या एका हातात कोथिंबीर आहे. तिला एवढं वाचायला सवड नाही."

तर मी पत्रकं लिहिते आणि वाटते. विरार पश्चिमेला आमच्या संस्थेची एक खोली आहे, एक कपाट आहे आणि दर शनिवारी एक दवाखाना भरतो. शनिवारी डॉक्टर मॅडम बसतात, बाकीचे दिवस मी फिरते. टँकरच्या पाण्यावर फिरले, डेंग्यूवर फिरले, लहान मुलांच्या लसींवर फिरले. गेलं दीड वर्ष मी दालचिनीवर फिरतेय. बोळिंजच्या एका मोठ्या सोसायटीचा वॉचमन तर मला लांबून बघूनच ओरडतो, "दालचिनीवाली मॅडम आ गई!" मग गॅलरीतून एखादी वहिनी विचारते, "पाव किलो कशी दिली?" मी विकत नाही हो. उलट रोज पेलाभर पिऊ नका, हे सांगत फिरते.

दालचिनी हा मोहिमेचा विषय कसा झाला, तर शनिवारच्या दवाखान्यामुळे. बायका यायच्या, साखर वाढलेली आणि चेहरा आनंदी.

"गोळी कुठली चालू आहे?" मॅडम विचारायच्या.

"गोळी बंद केली. आता नैसर्गिक घेते."

नैसर्गिक म्हणजे दालचिनीचं पाणी. सकाळी अनशेपोटी. वजन उतरतं, साखर उतरते, केस गळायचे थांबतात, पाळी सुरळीत होते, रक्त शुद्ध होतं. एका काठीकडून एवढी कामं करून घेतात आणि घरातल्या माणसाला साधा भाजीचा डबा धुवायला सांगत नाहीत. मला राग यायचा. दालचिनीचा नाही. मोबाईलवर नटूनथटून बसून, गोऱ्या हातांनी काचेच्या पेल्यात काठी ढवळत, "तीस दिवसांत फरक बघा" म्हणणाऱ्यांचा. त्यांचं ऐकणारी बाई तिसाव्या दिवशी आमच्या बाकावर बसलेली असायची.

खरं काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपल्याकडे वाण्याकडे मिळते ती बहुतेक जाड सालीची, टणक दालचिनी. तिचा वास दणदणीत असतो. दुसरी एक पातळ सालीची असते, कागदाच्या सुरळीसारखी आत थरांवर थर, बोटांनी चुरडते. ती महाग आणि कमी मिळते. जाड सालीच्या दालचिनीत एक घटक असतो, तो रोज चमचा चमचा पोटात गेला तर काही माणसांच्या यकृताला त्रास देऊ शकतो. भाजीत, पुलावात, मसाल्यात जाते तेवढ्याने काही होत नाही. साखरेवर तिचा थोडाफार परिणाम काहींना जाणवतो, पण ती गोळीची जागा घेऊ शकत नाही. आणि वजनावर तिचा परिणाम सांगण्यासारखा नाही. मॅडमनी मला हे सगळं कागदावर काढून दिलं होतं. मी ते पाठ केलं.

घरी जाऊन आईला सांगितलं. आमचं घर वसईच्या खाडीकडच्या गावात, थोडी भातशेती, थोडी भाजी. आई वालाच्या शेंगा सोलत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "रोज एक चमचा? येका मान्साला?"

"हो."

"आपला वर्साचा मसाला होतो त्याला पन एवडी लागत नाय." मग थोडा वेळ सोलून झाल्यावर म्हणाली, "दालचिनी मसाल्यात घालतात. पान्यात कोन घालतं?"

हे एक वाक्य मी तसंच पत्रकावर छापलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी शिकलेली होते. मला रचना करायची होती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पत्रक लिहिणं सोपं आहे, कुठे उभं राहून द्यायचं हे कठीण. स्टेशनच्या जिन्यावर दिलेलं पत्रक तिसऱ्या पायरीला खाली पडतं. देवळाबाहेर दिलं तर लोक पाया पडून खिशात ठेवतात आणि धुण्यात जातं. सोसायटीत शिरायचं तर सेक्रेटरीची परवानगी लागते, वॉचमनच्या वहीत नाव लिहावं लागतं आणि नोटीसबोर्डावर लिफ्ट बंद असल्याची सूचना आधीच सगळी जागा अडवून बसलेली असते. उत्तम जागा म्हणजे सकाळी अकराची भाजीची गाडी आणि त्याहून उत्तम म्हणजे पिठाची गिरणी. दळण होईपर्यंत माणूस कुठे जात नाही. हातात कागद दिला की वाचतो, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं. गिरणीचा हा शोध माझा. मी तो बैठकीत छाती फुगवून सांगितला होता.

माणसं सगळ्या प्रकारची भेटतात. एक काका होते, बँकेतून निवृत्त. दालचिनीचे तुकडे सुपारीसारखे खिशात ठेवून दिवसभर चघळायचे. तोंड सोललेलं, तिखट खाता येईना. म्हणाले, "विष बाहेर पडतंय." मी म्हटलं, "काका, कातडं बाहेर पडतंय." त्यांनी वॉचमनला सांगून मला सोसायटीबाहेर काढलं आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यात येऊन माझ्याच शेजारी बसले. "चघळणं सोडलं," एवढंच म्हणाले. एक तरुण जोडपं चिंचोटीला धबधब्यावर गेलं होतं. तिथे पैज लागली म्हणून नवऱ्याने कोरडी पूड चमचाभर तोंडात टाकली. पूड घशात नाही, श्वासनळीत गेली. बायको सांगत होती, "धबधब्यात कोण बुडालं नाही, हा काठावर बसून बुडत होता." ती हसत होती. खोकून खोकून त्याचे डोळे अजून लाल होते. आणि दर चौथ्या दारात एक प्रश्न ठरलेला, "तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात का?" मी विचारते, "कुठल्या वैद्यांनी दिली?" उत्तर येतं, "ग्रुपवर आलं होतं."

आता ते पत्रक.

नितीनदादांचा जुना नियम होता, आधी लोकांचं म्हणणं मांडा, मग आपलं. मी तो नियम पुढे नेला. आडव्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे 'लोक म्हणतात', उजवीकडे 'खरं काय'. वरती दोन्ही रकान्यांवर पसरलेला मोठा मथळा, 'दालचिनीने वजन खरंच उतरतं का?' डाव्या रकान्यात मी मोबाईलवरचा सगळा प्रकार जसाच्या तसा उतरवला, म्हणजे वाचणारीला वाटावं की अरे, हे तर आपणही ऐकलंय. एक चमचा पूड, एक पेला कोमट पाणी, मध, अनशेपोटी, तीस दिवस. चौथा मुद्दा होता, 'साखरेची गोळी हळूहळू बंद करता येते.' डावा रकाना ठळक अक्षरांत, कारण नजर आधी तिथे जायला हवी. उजवीकडचं साध्या, बारीक अक्षरांत, कारण खरं सांगायला जागा जास्त लागते. खाली डाव्या कोपऱ्यात आमच्या दवाखान्याचा शिक्का आणि शनिवारची वेळ.

छापखान्यातून फोन आला, "मॅडम, घडी कशी घालू?"

मी म्हटलं, "मधोमध. छापील बाजू बाहेर. म्हणजे उघडायच्या आधीच दिसेल."

पाचशे प्रती आल्या. मी एकेक हातात घेऊन वास घेतला होता, खोटं कशाला सांगू.

सुनंदाकाकू मला गिरणीवर भेटल्या. साठीच्या आसपास, मूळच्या सावंतवाडीकडच्या, नवरा मंत्रालयातून निवृत्त, बोळिंजला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. गव्हाचा डबा पायाशी ठेवून त्या एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. मी त्यांना गिरणीवाल्याचं स्टूल आणून दिलं. त्या बसल्या आणि न विचारता सांगायला लागल्या. आमच्या कामात हे नेहमीच होतं. कागद हातात घेतला की लोक आपलं आधी सांगतात.

उजवा गुडघा गेला होता. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी दोन अटी घातल्या होत्या. वजन उतरवा आणि साखर आटोक्यात ठेवा, मगच तारीख.

"घाई कसली एवढी?" मी ओरडून विचारलं. गिरणीत ओरडावंच लागतं.

"मुलगी नालासोपाऱ्याला! चौथा मजला! लिफ्ट नाही!" त्याही ओरडल्या. "नातू सहा महिन्यांचा झाला. प्राची त्याला खाली घेऊन येते, मी रिक्षात बसून बघते. बाळाचं घर मी अजून बघितलं नाही गं."

मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. उजव्या रकान्यातलं सगळं मी त्यांना तोंडी सांगितलं, गोळी बंद करू नका हेही सांगितलं. त्या मान डोलावत होत्या. चक्की पूर्ण वेगात होती. पिठाचा धुरळा, पट्ट्याचा आवाज. त्यांनी पत्रक दोन बोटांत धरलं, चष्मा घरी राहिल्याचं खुणेने सांगितलं आणि घडी न मोडता पिशवीत घातलं. मी वहीत त्यांचं नाव आणि सोसायटी लिहून खूण केली. एक व्यवस्थित संभाषण, समोरून प्रतिसाद चांगला.

तीन महिन्यांनी मी त्यांच्या सोसायटीत गेले, तेव्हा काकू वॉचमनच्या खुर्चीवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची फाईल. लिफ्ट चालू होती, तरी बसल्या होत्या.

"काकू, काय झालं?"

"तारीख रद्द केली. साखर फार वाढलीय म्हणाले. अशा साखरेत जखम भरणार नाही." मग अगदी हळू म्हणाल्या, "वजन तर उतरलं होतं गं. चार किलो."

नंतर मॅडमनी मला समजावलं की साखर खूप वाढली की वजन आपोआप उतरतं, आणि ते चांगलं लक्षण नाही. त्या वेळी मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की हिला कोणीतरी फसवलंय.

"गोळ्या घेत नव्हता?"

"दालचिनी घेत होते ना."

"कोणी सांगितलं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग फाईलकडे बघितलं. मला उत्तराची गरजही नव्हती. त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर सोनल राहते. ती स्वतःला 'वेलनेस कोच' म्हणवते. तिच्या हॉलमध्ये रोज सकाळी दहा-बारा बायका जमतात, उंच पेल्यांतून गुलाबी, हिरवं काहीतरी पितात आणि महिन्याला वजन करतात. फसवणाऱ्यांच्या माझ्या यादीत ती पहिल्या नंबरावर होती. मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने चढले.

दार उघडलं. आत चार-पाच बायका होत्या. मी उंबऱ्यातूनच सुरू झाले. माझं भाषण चांगलं होतं, अजून आठवतं. "एका बाईच्या पायाचं ऑपरेशन तुमच्यामुळे अडकलंय! गोळ्या बंद करायला सांगता, तुमच्याकडे कुठली पदवी आहे?"

सोनलने मिक्सर बंद केला. ओला हात कुर्त्याला पुसला.

"प्लीज हं, सीन करू नकोस. कोणाबद्दल बोलतेयस?"

"सुनंदाकाकू. दुसरा मजला."

"त्या माझ्याकडे येतच नाहीत. एकदा विचारलं होतं मी, तर म्हणाल्या, मला फुकटात मिळालंय, सरकारी दवाखान्याचं. आणि दालचिनी मी विकत नाही, माझे शेक वेगळे आहेत." मग ती थोडी थांबली. "तू ती पत्रकवालीच ना? मग त्यांच्या किचनमध्ये जाऊन बघ ना. तुझंच लावलंय."

पाठीमागची एक बाई म्हणाली, "हो हो, माझ्याकडेपण आहे तो कागद. छान लिहिलाय. सोपा."

मी दुसऱ्या मजल्यावर उतरले. पायऱ्या तेवढ्याच होत्या, पण यावेळी पाय भरभर पडत नव्हते. काकूंनी लिफ्टने वर येऊन दार उघडं ठेवलं होतं. जणू मी कुठे जाऊन परत कुठे येणार, हे त्यांना माहीत असावं. ओटा स्वच्छ. फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराचं मॅग्नेट. त्याखाली माझं पत्रक, मधोमध घडी, डावी बाजू आपल्याकडे, उजवी बाजू फ्रिजच्या पत्र्याला चिकटलेली.

वर अर्धाच मथळा, 'दालचिनीने वजन'. खाली ठळक अक्षरांत एक चमचा, एक पेला, अनशेपोटी, तीस दिवस. चौथ्या मुद्द्यापुढे काकूंनी पेन्सिलने बरोबरची खूण केली होती. सर्वांत खाली आमचा शिक्का. 'लोक म्हणतात' हे शब्द मॅग्नेटखाली गेले होते.

"काकू, तुम्ही मागची बाजू..."

"मागे काहीतरी बारीक बारीक होतं गं. मला वाटलं जाहिरात असेल."

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "तू एवढं ओरडून ओरडून सांगत होतीस. म्हटलं पोरगी तळमळीने सांगतेय, तर करूया." आणि मला पाणी दिलं. साधं पाणी.

मोबाईलवरच्या बायकांना मी इतके महिने नावं ठेवली. या बाईच्या नातवाकडच्या चार मजल्यांवर कुलूप घातलं ते मी. माझ्या ठळक अक्षरांनी, माझ्या घडीने, माझ्या गिरणीने. मी दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन हे लिहू शकले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी काकूंना घेऊन मॅडमकडे गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, नव्याने बांधून दिलेल्या वेळेवर. मॅडमनी पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

नितीनदादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेबलावर बोट आपटत राहिले. मग म्हणाले, "नवीन छापू. जुनं आपोआप रद्दीत जाईल."

"जात नाही. फ्रिजवर राहतं. लोक देवाच्या फोटोशेजारी लावतात."

"मग?"

"परत गोळा करते."

"पाचशे? वेडी आहेस का?"

"वाटली तशीच गोळा करते. दारोदार."

दादांनी लाल पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. म्हणाले, "जा. पण कोणावर ओरडू नकोस. यावेळी चूक आपली आहे."

आमच्या संस्थेत वाटलेली पत्रकं परत मागायला गेलेली मी पहिलीच. हे काम वाटण्यापेक्षा दसपट कठीण आहे. दारावर उभं राहून म्हणायचं, "ताई, तीन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला एक कागद दिला होता, तो चुकीचा छापला गेला, परत द्या." लोक संशयाने बघतात. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आता तुम्हाला वरून दबाव आला का?" एका घरात ते चमच्यांच्या खणात अंथरलं होतं, एका घरात मसाल्याच्या डब्याखाली, डाग पडलेलं. ते मला आवडलं. आई म्हणते तसं, दालचिनी मसाल्याजवळच होती. एका वहिनीने द्यायला साफ नकार दिला. "मला फरक पडलाय." मी विचारलं, "गोळी चालू आहे?" "गोळीच नाही मला. मी फक्त पोटासाठी घेते." तिला मी चमच्याऐवजी चिमूट करायला सांगितलं, यकृताचं सांगितलं आणि कागद तिच्याकडेच राहू दिला, पण आडवा उघडून, दोन मॅग्नेट लावून. त्या घरात मी चाळीस मिनिटं होते. वाटताना एका घरात मी कधी चार मिनिटंही थांबले नव्हते.

मग कळलं की कागदाचा फोटो काढून कोणीतरी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. अर्थात डावी बाजूच. आता ग्रुपवर दारोदार कशी जाणार? त्या ग्रुपची अॅडमिन कोण, विचारलं तर सोनल.

मी परत पाचव्या मजल्यावर गेले. यावेळी बेल वाजवली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"आता काय?" ती म्हणाली.

"मदत हवीय."

तिने मला आत बोलावलं. माझी माफी ऐकून घेतली, अर्ध्यावर थांबवली नाही, पूर्ण ऐकून घेतली. तेवढा तिचा हक्क होता. मग म्हणाली, "माझ्या शेकबद्दल पत्रक काढणार नाहीस, असं लिहून दे."

"नाही देणार. तुझ्या डब्यावर काय लिहिलंय ते मी वाचणार आहे."

ती हसली. "कसली आहेस गं तू. बरं, तो फोटो मी डिलीट करते, सगळ्यांना मेसेज टाकते. पण काय लिहू ते तू सांग. छोटं सांग, लोक वाचत नाहीत."

मी सांगितलं, "साखरेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. दालचिनी मसाल्यात घाला."

"बस?"

"बस."

तेच आमचं नवीन पत्रक झालं. पोस्टकार्डाएवढं, घडीच नाही. दोन्ही बाजूंना तीच दोन वाक्यं. खोटी गोष्ट आम्ही आता छापतच नाही, खोडण्यासाठीसुद्धा नाही. कागद कसाही पडला, कसाही चिकटवला, त्यावर पोळी ठेवली तरी जी बाजू वर राहील ती खरीच असली पाहिजे. छपाईआधी मी आता प्रत्येक पत्रक आईला देते. ती ते वाचत नाही. डब्याला गुंडाळते, फडताळावर उलटं ठेवते, अर्धं फाडून त्यात मिरची बांधते. मग मी बघते काय दिसतंय. आणि गिरणीवर मी अजूनही जाते, पण चक्की थांबेपर्यंत तोंड उघडत नाही.

काकूंची साखर खाली यायला वेळ लागला. दर शनिवारी त्या रिक्षाने यायच्या. वजन उतरवायला गुडघा साथ देत नव्हता म्हणून मॅडमनी खुर्चीत बसून करायचे व्यायाम दिले, भात मोजून दिला. काकू म्हणायच्या, "मालवणी बाईला भात मोजून देतेस? पाप लागेल." पण मोजून खायच्या. दुसरी तारीख मिळाली. ऑपरेशन झालं. मी बघायला गेले तेव्हा त्या वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊन आल्या आणि फिजिओथेरपीच्या मुलीवर चिडल्या, कारण तिने पायऱ्या एवढ्यात नाही असं सांगितलं होतं.

मी पत्रकं गोळा करत राहिले. परत आलेली कपाटात, मिळाली नाहीत त्यांची यादी माझ्या पिशवीत. कोणी घर बदललं, कोणी भाडेकरू सोडून गेला. दादा म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. काकू. धापा टाकत होत्या.

"रेश्मा, मी वर आलेय."

"कुठे वर?"

"प्राचीकडे. चौथ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्याला बसत बसत आले. तिसऱ्यावरच्या लोकांनी खुर्ची दिली बाहेर. बाळ चालायला लागलंय गं, माझी काठी ओढतंय."

मागून बाळाचं ओरडणं, भांड्याचा आवाज. मग काकूंचा आवाज बदलला.

"आणि ऐक. एक सापडलं. हिच्या फ्रिजवर. मीच दिलं होतं तिला, शेजारणीकडून मागून, बाळंतपणानंतर पोट उतरावं म्हणून. विसरूनच गेले होते."

"ती घेते का दालचिनी?"

"दोन महिने घेत होती, मग कंटाळली. आळशी आहे म्हणून वाचली." मागून प्राची काहीतरी ओरडली. "ती फाडायला निघालेली. मी म्हटलं थांब, रेश्माच्या यादीतलं आहे."

"काकू, फाडलंत तरी चालेल."

"थांब गं. चष्मा आहे आज माझ्याकडे. मी मागची बाजू वाचली." कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. "चांगलं लिहिलंयस. सगळं नीट कळतंय. मग हे पुढे का नाही ठेवलंस?"

मी पत्ता विचारला, यादी पिशवीत टाकली आणि निघाले. चार मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर ती खुर्ची अजून बाहेरच होती. मी बसले नाही.